जुना कॅमेरा आणि रास्त किंमत

गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. म्हणाला, "सर, एक वापरलेला कॅमेरा घ्यायचाय. समोरचा अठ्ठेचाळीस हजार म्हणतोय. ही किंमत रास्त आहे का?" आम्ही म्हणालो, "अरे, आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, दुकान नाही चालवलं." त्यावर तो म्हणाला, "म्हणूनच विचारतोय. दुकानदार किंमत सांगेल. रास्त म्हणजे काय, ते नाही सांगणार."

पोरानं बरोबर जागी बोट ठेवलं होतं. तेव्हा आजचा विषय तोच. जुना कॅमेरा कसा पारखायचा, त्याची किंमत कशी ठरवायची आणि 'रास्त' या शब्दात नेमकं काय येतं. आणि आमची स्वतःची एक चूकही आज सांगणार आहोत, पण ती शेवटी.

कोल्हापूरकरांना कॅमेऱ्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. आपण रोज त्याच्याजवळून गाडी वळवून जातो आणि मान वर करून बघत नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांना चित्रपट काढायचा होता, त्यासाठी ते स्वतःच कॅमेरा जुळवायच्या खटपटीत होते. १९१६ मध्ये आनंदराव गेले. काम बाबूराव आणि त्यांचे शिष्य दामले यांनी पुढं नेलं, आणि १९१८ मध्ये चालता कॅमेरा उभा राहिला. १९२० चा 'सैरंध्री' त्याच्याच पुढचा टप्पा. सांगायचा मुद्दा एवढाच, की त्या माणसांना यंत्राचा प्रत्येक स्क्रू माहीत होता. आपल्याला आपल्या खिशातल्या यंत्राचं आतलं काहीच माहीत नसतं. किमतीचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

आधी वस्तू कुठली, ते स्पष्ट करू. प्रीमियम कॉम्पॅक्ट म्हणजे खिशात मावणारा, भिंग न बदलता येणारा, पण आत मोठा सेन्सर आणि चांगलं भिंग असलेला कॅमेरा. सोनीची आरएक्स १०० ही मालिका २०१२ पासूनची. रिकोचा जीआर ३ हा २०१९ चा. फुजीफिल्मचा एक्स १०० व्ही २०२० चा. कॅननचा जी ७ एक्स मार्क ३ हाही २०१९ चा. पूर्वीच्या साध्या कॉम्पॅक्टमधल्या सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मिलिमीटर असायचं. सोनीच्या या मालिकेतला 'एक इंची' सेन्सर १३.२ गुणिले ८.८ म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा. रिको आणि फुजीमधला त्याच्याही तिप्पट, साडेतीनशेच्या वर. क्षेत्र जितकं मोठं तितका प्रकाश जास्त गोळा होतो, आणि संध्याकाळी रंकाळ्यावर काढलेला फोटो त्यामुळं स्वच्छ येतो. पैसे आपण या क्षेत्रफळाचे आणि त्यापुढच्या भिंगाचे मोजतो. खोक्यावरच्या मेगापिक्सेलच्या आकड्याचे नव्हेत.

आता किंमत. गुजरीत सोनं घ्यायला गेलात तर त्या दिवसाचा दर सगळ्यांना माहीत असतो. मार्केट यार्डात गुळाचा सौदा उघड होतो, रव्याचा रंग आणि कण चार माणसांच्या डोळ्यांसमोर असतो. वापरलेल्या कॅमेऱ्याला ना दर, ना सौदा. तो जनावराच्या बाजारातल्या बैलासारखा आहे. मालकाला ठाऊक असतं की बैल पायानं अधू आहे का, मारका आहे का. गिऱ्हाईक फक्त दात बघू शकतं.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला. त्यानं उदाहरण घेतलं जुन्या मोटारींचं. विकणाऱ्याला दोष माहीत, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सावधगिरी म्हणून सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून उठून जातो. मागं खराब गाड्या उरतात, मग सरासरी आणखी खाली येते. म्हणजे अज्ञानामुळं फसतो एकटा गिऱ्हाईक, असं नाही. प्रामाणिक विकणाराही त्यात मारला जातो. या कामासाठी त्याला २००१ मध्ये नोबेल मिळालं, इतर दोघांबरोबर. यातून आपल्याला एक गोष्ट घ्यायची. आपण कॅमेरा नीट तपासतो ते समोरच्याला चोर समजून नव्हे. तपासणीमुळं चांगल्या मालाला चांगली किंमत देणं शक्य होतं. जो तपासत नाही तो भीतीपोटी किंमत पाडतो.

तपासायचं कसं? आपल्या न्यायदर्शनानं ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. वर्गात आम्ही धूर आणि अग्नी यावर वर्षं काढली. आज कॅमेरा घेऊ.

पहिलं प्रत्यक्ष. दिवसाउजेडी भेटा, अर्धा तास मागून घ्या आणि स्वतःचं मेमरी कार्ड न्या. कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा. भिंग बाहेर येताना, आत जाताना अडखळतं का, करकर वाजतं का, ऐका. या प्रकारच्या कॅमेऱ्यात सर्वांत नाजूक भाग तोच, आणि खर्चाचाही तोच. मग सेन्सरवरची धूळ. छिद्र जितकं लहान करता येईल तितकं करा, रिको-फुजीमध्ये एफ १६ पर्यंत आणि सोनीमध्ये एफ ११ पर्यंत जाता येतं, आणि निरभ्र आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. सूर्याकडे मात्र रोखू नका. फोटोत राखाडी ठिपके दिसले तर ती आतली धूळ. भिंग निघत नसल्यामुळं ती घरी पुसता येत नाही, कॅमेरा उघडावा लागतो. रिकोच्या या मालिकेत धुळीची तक्रार नेहमीची आहे, तिथं ही चाचणी चुकवू नका.

मग भिंतीला वर्तमानपत्र चिकटवून समोरून फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. तीन कोपरे स्वच्छ आणि एक पुसट असेल, तर कॅमेरा कधीतरी पडलाय आणि भिंग आत तिरकं झालंय. झूम असेल तर दोन्ही टोकांना हे करा. भिंगावर हात ठेवून अंधारात एक सेकंदाचा फोटो घ्या, त्यात चमकणारे ठिपके किती ते दिसेल. बॅटरी बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगली तर फुगलीय. फ्लॅश, पडद्याचा बिजागर, चार्जिंगची खाच, प्रत्येक बटण आणि चाक एकदा तरी फिरवा.

दुसरं अनुमान. जे दिसत नाही ते खुणांवरून ओळखायचं. कोपऱ्यावर पोचा आहे, म्हणजे पडलाय. स्क्रूच्या खाचा झिजल्यात, म्हणजे कुणीतरी उघडलाय. भिंगावर तिरपा टॉर्च मारल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. आपल्याकडं, विशेषतः गगनबावडा, राधानगरी, आंबा या बाजूला पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं भिंगाची काय कथा. आणि महापूर विसरू नका. २०१९ आणि २०२१ मध्ये आपल्या शहरात कुठंपर्यंत पाणी चढलं ते आपण पाहिलंय. भिजलेलं यंत्र वाळवून काही महिने चालतंही. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट डाग, स्क्रूवर गंज, खाचेत वाळलेला गाळ दिसला, तर किमतीची चर्चा तिथंच थांबवा. असा कॅमेरा स्वस्तातही महाग.

तिसरं उपमान, म्हणजे तुलना. इथं बहुतेक जण चुकतात. ऑनलाइन जाहिरातीत दिसतात त्या मागितलेल्या किमती. मिळालेल्या किमती वेगळ्या. जी जाहिरात दोन महिने तशीच आहे, तिच्यातला आकडा एवढंच सांगतो की या किमतीला कुणी घेत नाही. विकले गेलेले पाच-सहा व्यवहार शोधा, दोन दुकानदारांना विचारा आणि मधला आकडा धरा. हवा तापलीय का, तेही बघा. फुजीचा एक्स १०० व्ही लहान व्हिडिओंमुळं अचानक गाजला, नवा मिळेना, आणि वापरलेला माणसं नव्याच्या छापील किमतीपेक्षा जास्त देऊन घेऊ लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुढचं मॉडेल जाहीर झालं. कॅमेरा तोच होता, फोटो तेच येत होते, फरक पडला तो माणसांच्या घाईत. सहा महिने थांबण्याची तयारी हीही एक प्रकारची श्रीमंतीच आहे.

चौथं शब्द. विकणारा सांगतो त्यावर विश्वास कधी ठेवायचा? नैयायिक म्हणतात, आप्ताच्या वचनावर. आप्त म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. दोन्ही अटी हव्यात. पुतण्याचा कॅमेरा विकणारे काका प्रामाणिक असतील, पण त्यांना वस्तू ठाऊक नाही. दुकानदाराला ठाऊक आहे, इच्छेचं बघावं लागतं. म्हणून बिल, खोकं आणि कॅमेऱ्याच्या तळाचा क्रमांक तिन्ही जुळवून बघा. क्रमांक खरवडलेला असेल तर वस्तू चोरीची असू शकते, हात लावू नका. आणि जो समोर येतच नाही, "मी लष्करात आहे, बदली झाली, आधी पैसे पाठवा" असं म्हणतो, तो विकणारा नव्हेच. या नावाखाली फसवणूक होते म्हणून पोलिसांनी वारंवार सांगितलंय. पैसे वस्तू हातात आल्यावर. चुकून गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा, उशीर करू नका.

आता हिशेब करू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून घरी नेऊ नका. समजा, तुमच्या तुलनेतून मधली किंमत ४५,००० निघाली. बॅटरी फुगलीय, नवी २,००० ला. सेन्सर साफ करायला ३,०००. उरले ४०,०००. मग धोका. समजा, वर्षभरात भिंगाची यंत्रणा बिघडण्याची शक्यता दहात एक, आणि दुरुस्ती १५,००० ची. म्हणजे धोक्याची किंमत १,५००. रास्त आकडा आला ३८,५०० च्या आसपास. हाच कॅमेरा दुकानदार सहा महिन्यांच्या लेखी हमीवर ४२,००० ला देत असेल, तर वरचे साडेतीन हजार तो हमीचे आणि दुकानाच्या भाड्याचे घेतोय. तेही अन्याय्य नाही. आणि हा हिशेब कागदावर मांडून समोरच्याला दाखवा. "काहीतरी कमी करा" म्हणणं ही घासाघीस झाली. "बॅटरीचे दोन हजार वजा करा" म्हणणं हा युक्तिवाद झाला. युक्तिवादाला माणूस उत्तर देतो, घासाघिशीला फक्त वैतागतो.

कायदा काय म्हणतो? १९३० च्या मालविक्री कायद्याचा सर्वसाधारण नियम असा, की वस्तूच्या दर्जाची हमी विकणाऱ्यानं आपोआप दिली असं धरलं जात नाही. त्याला अपवाद आहेत. तोच धंदा करणाऱ्या दुकानदाराकडून, त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलं, तर त्याच्यावर जबाबदारी येते. घरगुती विकणाऱ्यावर तेवढी नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमात तर एका घोड्याचं उदाहरण आहे. घोडा अधू आहे हे मालकाला माहीत आहे, लिलावात तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक नाही, नुसतं गप्प राहणं आहे. पण घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी घोडा धडधाकट आहे असं समजेन," आणि मालक तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखंच धरलं जातं. किती उपयोगाचं आहे बघा! मोबाइलवर लिहून विचारा, "कॅमेरा पडलेला, भिजलेला किंवा उघडलेला नाही ना? नाही म्हणाला नाहीत तर तसं समजून घेतो." दोन ओळी. प्रामाणिक माणूस लगेच उत्तर देतो.

पण मंडळी, कायदा जिथं संपतो तिथून आमचा विषय सुरू होतो. आतापर्यंत आपण धरून चाललो की विकणाऱ्याला जास्त माहीत आहे. उलटं असेल तर?

सिसेरो या रोमन विचारवंतानं कर्तव्यावरच्या ग्रंथात एक प्रसंग घेतलाय, ख्रिस्तपूर्व ४४ मधला हा ग्रंथ. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येतायत, हे त्याला ठाऊक आहे, बेटावरच्या लोकांना नाही. त्यानं ते सांगावं, की गप्प राहून चढ्या भावानं विकावं? डायोजिनीस नावाचा स्टोइक म्हणतो, खोटं बोलू नये, कायद्यानं लागतं ते सांगावं, पण सगळंच सांगायला तो बांधील नाही. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगितलंच पाहिजे. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूनं आहे.

आम्ही हे तीस वर्षं शिकवलं. प्रत्येक वर्षी अँटिपेटरच्या बाजूनं.

आमचे एक मित्र होते, नाव सांगत नाही. नव्वदच्या दशकात परदेशी गेले असताना त्यांनी कॉन्टॅक्स टी २ नावाचा फिल्मवरचा लहान कॅमेरा आणला होता. टायटॅनियमचं अंग, झाइसचं भिंग. ते गेल्यावर काही वर्षांनी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हा तुम्ही घ्या. मला काय करायचाय? तीन हजार द्या, झालं." आम्ही दिले. घरी आलो. रात्री नातवानं मोबाइलवर शोधून दाखवलं, लोक त्याच कॅमेऱ्याचे पन्नास ते ऐंशी हजार मागत होते.

आता आमचं डोकं काय करायला लागलं, ते ऐका. पहिला विचार : आम्ही खोटं बोललो नाही, किंमत त्यांनीच सांगितली. म्हणजे डायोजिनीस. दुसरा विचार : मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली नव्हे. तिसरा : बनवणाऱ्या कंपनीनं २००५ मध्येच कॅमेऱ्याच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं होतं, आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट गेलं तर सुटे भाग मिळणं मुश्कील. चौथा : मित्राला आनंदच झाला असता. चारही विचार पटण्यासारखे होते, त्यातले दोन तर खरेही होते. पण चारही आम्हाला सोयीचे होते, आणि तिथंच मनात पाल चुकचुकली.

कौटिल्यानं खरेदी-विक्रीनंतर मन बदललं तर व्यवहार फिरवायची मुदत दिली आहे : व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच. त्यासाठी त्याचा शब्द 'अनुशय' आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. आम्हाला नऊ दिवस लागले. तेवढ्यात एका छायाचित्रकाराकडून एक रोल घालून कॅमेरा तपासून घेतला. व्यवस्थित चालत होता. दुकानदार स्वतःचा धोका आणि नफा धरून किती देईल, ते दोघांना विचारलं. पस्तीस हजारांच्या आसपास आकडा आला. बत्तीस हजार पाकिटात घालून वहिनींकडं गेलो आणि सगळं सांगितलं. म्हणालो, पैसे घ्या, नाहीतर कॅमेरा परत घ्या.

त्यांनी शांतपणे पाकीट मोजलं. म्हणाल्या, "पुतण्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं मला. तुम्हाला यायला एवढा उशीर का लागला?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं. त्या नऊ दिवसांत त्यांनी फोन केला नाही, कुणापाशी बोलल्या नाहीत. वाट बघत होत्या. आम्हाला वाटत होतं आम्ही कॅमेरा तपासतोय.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला आमचं उत्तर असं. आकडा रास्त आहे का, हे चार साधनांनी आणि एका कागदावर ठरेल, त्याला संध्याकाळ पुरेल. व्यवहार रास्त आहे का, याची परीक्षा वेगळी. दोघांनाही एकमेकांचं सगळं कळलं असतं, तरी हाच आकडा दोघांनी मान्य केला असता का? असेल, तर व्यवहार करा. तुमच्याकडं अशी एखादी माहिती असेल जी समोरच्याला कळू नये असं वाटतंय, तर किंमत कितीही गोड असू दे, ती रास्त नाही. आणि हे कळल्यावर नऊ दिवस थांबू नका.

पोरानं कॅमेरा बघितला. एक कोपरा पुसट निघाला. त्यानं मालकाला वर्तमानपत्राचा फोटो दाखवला, तेव्हा कळलं की मालकालाही हे माहीत नव्हतं. अठ्ठेचाळीसचे एकोणचाळीस झाले, दोघांनी चहा घेतला. आता तो त्या कोपऱ्यात काही महत्त्वाचं येणार नाही असे फोटो काढतो.

कॉन्टॅक्स आमच्याकडंच आहे. फिल्म महाग झालीय, तरी वर्षातून एक रोल काढतो. पहिला फोटो वहिनींचा असतो.